आमच्या विहिरीचं गोडं पाणी

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण निदान कप खाली ठेवून हसा!

खारं पाणी पिऊनही भाताचं रोप तगतं, ते त्याच्या कुठल्या जीनमुळे, हा माझा पीएचडीचा विषय. खाडीकाठच्या एका आजोबांनी जपलेल्या जुन्या वाणाचं मूठभर बी मला मिळालं होतं. दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली. सरांनी बजावलं होतं, "या मे महिन्यात काही हाती लागलं नाही, तर विषय बंद." सर सोलापूरकडचे. कमी बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते.

नेमकं तेव्हाच रोपं ठेवायच्या जाळीघराचं दुरुस्तीकाम निघालं. मी म्हटलं, काळजीच नको, मांडवीला समुद्राजवळच्या आमच्या घरी नेते! आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे अमृत.

पडवीत दोन ट्रे मांडले. एकाला प्रयोगशाळेतलं, मोजून मीठ घातलेलं पाणी. दुसऱ्याला आमच्या विहिरीचं गोडं. खारेपणा मोजायचा मीटर होता की पिशवीत! पण घरच्या विहिरीला कोणी मीटर लावतं का? तुम्ही लावाल?

तीन आठवड्यांनी बघते, तर दोन्ही ट्रे सारखेच! शेंडे जरासे करपलेले, बाकी रोपं ताठ. पानं प्रयोगशाळेतून तपासून घेतली, तर दोन्हीकडे तेच जीन जागे. मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे या वाणाचे जीन मिठाची वाटच बघत नाहीत, बारा महिने जागेच असतात! हा शोध होता हो, शोध! मी सरांना फोन केला. मग मावशीला, मग शेजारच्यांना. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः बघायला आले. मी कौतुकानं तांब्याभांडं पुढे केलं. सरांनी एक घोट घेतला आणि भांडं हळूच खाली ठेवलं.

"यात मीठ टाकलंय का?"

"छे हो सर! विहिरीचं गोडं पाणी आहे." मी तांब्या उचलला आणि त्यांच्यासमोर घटाघटा रिकामा केला. "बघा!"

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अगो, मे महिना लागला की आपल्या बावीचं पाणी खारटतं नाय? म्हणून तर मी आमटीत मीठ घालत नाय!"

मला इतकी वर्षं वाटायचं, ते बाबांच्या बीपीसाठी.

"आई, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? मला वाटलं, तुझ्या अभ्यासाला खारटच पाणी लागत असेल."

दोन्ही ट्रे खाऱ्या पाण्यावर! मला तर रडूच फुटलं. शोध गेला, मे महिना गेला, आता विषयही जाणार.

सरांनी शांतपणे विचारलं, "बी उरलंय का?"

"अर्धी मूठ."

"मग पुन्हा कर. मुदतीचं मी बघतो."

मी डोळे पुसले. सर चपला घालता घालता थांबले. "आणि खारं सोसणारा वाण सापडलाय बरं का. तांब्याभर खारं पाणी रिचवलं, तरी शेंडासुद्धा करपला नाही."

मी उड्या मारत ट्रेकडे वळले. "कुठला सर, कुठला?"

सर माझ्याकडे बघत होते.