उतरवलेलं वजन

अहमदपूरच्या कॉलेजच्या मैदानावर मी सकाळी चालायला जातो, तिथं त्या बाई रोज दिसतात. सुती साडी, पायात पांढरे बूट, आणि चालताना मधूनच डाव्या कुशीवर जाणारा हात. दोन वर्षांपूर्वी त्या चांगल्याच जाड होत्या. चार-सहा महिन्यांत अंग उतरलं आणि तसंच राहिलं. माझं वजन मात्र उतरून पुन्हा चढलं होतं. शेवटी मी विचारलंच, "ताई, हे कसं जमवलं?"

"भावाला किडनी द्यायची होती. डॉक्टर म्हणले, एवढ्या वजनावर घेता येत न्हाई. मग भात सोडला, साखर सोडली अन् चालत राहिले."

"आता देऊन झाली की. तरी रोज येता?"

त्या न थांबता म्हणाल्या, "उद्या मला काही झालं, तर त्याला वाटंल, आपल्यामुळंच झालं."

परवा मुखेडहून तो भाऊ आला होता. बहिणीसोबत एक फेरी मारून दमला आणि माझ्याशेजारी कट्ट्यावर टेकला. ताई पुढं निघाल्या. त्या पार पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "लई बारीक झाली हो माझी अक्का."