मरीबाल परिटाचा न धुतलेला झगा

राजधानी शोमरोनची वेस. सकाळचं ऊन तटावर चढतंय, खाली ओढ्याकाठी राखेच्या पाण्याचा वास, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून कपडे तुडवणारा एक लुकडा माणूस. हा आमचा मरीबाल परीट. मी त्या काळी वेशीत डफावर नव्या राजाचं स्वागत गात असे. नाव बदलायचं, चाल तीच.

आमच्याकडे नवा राजा आला की शिंग फुंकतात आणि लोक आपापले झगे वेशीतल्या पायऱ्यांवर अंथरतात. राजा त्यावरून चढतो. ज्याच्या झग्यावर पाऊल उमटलं, त्याने राजा आहे तोवर तो धुवायचा नाही. घराला बरकत येते म्हणतात. जखऱ्या राजाला शल्लूमने भर लोकांत मारलं आणि गादी घेतली, तेव्हा जखऱ्याची पावलं धुता धुता मरीबालला दम घ्यायला फुरसत मिळेना. डाग निघाले, वाळले, आणि आम्ही तेच झगे शल्लूमसाठी अंथरले. या खेपेला मरीबालच्या झग्यावर टाचेसकट अख्खं पाऊल उमटलं. गल्लीत त्याचा फार हेवा झाला.

महिनाभरात तिरसा शहरातून मनहेम आला आणि शल्लूमला मारून राजा झाला. दवंडी पिटली: शल्लूमच्या माणसांना उद्या वेशीत झग्यावरच्या पावलावरून निवडून काढतील, मुंडकी तिथेच उडतील.

सगळं शहर ओढ्यावर लोटलं.

"माझा आधी घे रे बाबा," होग्ला म्हातारी म्हणाली. "एकच आहे. दिवसा झगा, रात्री पांघरूण."

"आजी, तू तर गर्दीच्या मागे होतीस. तुझ्या झग्यावर पाऊल कसं पडलं?"

"मीच रेटून पुढे गेले नि त्याच्या पायाखाली सरकवला. अक्कल गेली होती चरायला."

त्याने तिचा घेतला. मग शेजाऱ्यांचे, मग माझा. राख संपली तेव्हा त्याचा स्वतःचाच राहिला होता.

"गावाचे डाग काढलेत," त्याची बायको नोआ म्हणाली. "उद्या तुमचं मुंडकं उडालं म्हणजे?"

"ते धुवायला माझ्याकडे येणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ओल्या झग्यांत कुडकुडत वेशीत उभे. मनहेमचा सरदार रांगेवरून गेला.

"यांचे सगळ्यांचे झगे ओले कसे?"

मग त्याला कोरड्या झग्यातला मरीबाल दिसला.

"हे पाऊल कुणाचं?"

"राजाचं, धनी."

"कोणत्या?"

"मी वाकलो होतो. पाऊल दिसलं, तोंड नाही."

सरदाराचा हात तलवारीवर गेला. तेवढ्यात शिंग वाजलं. मनहेम पायऱ्यांपाशी पोचला होता, आणि अंथरायला सगळे झगे ओलेच. पहिल्याच दिवशी राजा घसरला असता, तर सरदाराचं काही खरं नव्हतं. त्याने मरीबालच्या अंगावरचा कोरडा झगा ओढला आणि पायऱ्यांवर टाकला. नवं पाऊल जुन्यावर बसलं. थोडं मोठंच होतं. पुढे निवडानिवड झाली नाही. मनहेमचं पाऊल अंगावर घेणाऱ्याला शल्लूमचा माणूस कोण म्हणणार, आणि तो सुटला तर ओल्यांना कोण धरणार?

मनहेम मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसताना पुष्कळ वर्षं टिकला. राजा बदलेना, म्हणून मरीबालचा धंदा बसला. मनहेम गेला त्या हिवाळ्यात हाही अंथरुणाला खिळला होता, तोच झगा पांघरून. बाहेर शिंग वाजलं.

"अहो, नवा राजा आलाय," नोआ म्हणाली. "कोण ते विचारून येऊ?"

"नाव नको विचारूस. पाय चिखलाचे आहेत का, तेवढं बघ."