आक्कांच्या मणक्यातलं सिमेंट

"दुखतंय? कुणाला, मला? छ्या." असं म्हणून आक्का माशी हाकलल्यासारखा हात उडवायच्या. पायावर वरवंटा पडला तरी तेच, दाढ सुजून गाल टम्म झाला तरी तेच. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. माझ्या वाट्याला ती कळंब्यात, भिंतीला भिंत लागून आली. वर मी त्यांचा विमा एजंट.

राधानगरीहून भावानं पाठवलेलं तांदळाचं पोतं सत्तरीतल्या आक्का एकट्याच ओढायला गेल्या आणि पाठीतला एक मणका दबला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. मोठी चिरफाड नको, सुईनं मणक्यात सिमेंट भरू, लगेच चालायला लागतील. उशीर केला तर मणका आणखी खचेल आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळतील.

आक्का म्हणाल्या, "तिकडं गच्ची गळतीया, तिला सिमेंट घालाय कुणी न्हाय. आन् माझ्या पाठीत घालत्यात."

विम्याशिवाय हे जमणारं नव्हतं. कंपनीची अट साधी होती. गोळ्या आणि विश्रांती घेऊनही दुखणं थांबलं नसेल, तरच मंजुरी. खात्री करायला कंपनीचा माणूस घरी येणार होता. मी आक्कांना बजावलं, "फक्त दुखतंय म्हणा. बाकी तोंड उघडू नका."

"बरं की," आक्का म्हणाल्या.

माणूस आला. आक्कांची एकुलती एक लेक कागलच्या एमआयडीसीतून रजा काढून उशाशी बसली होती. दारात पावणं दिसताच आक्का कमरेचा पट्टा आवळून, भिंत धरून उठल्या. आल्यागेल्यासमोर झोपून राहायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. त्यानं विचारलं, "आजी, पाठ दुखते का?"

"छ्या. तुमचाच गुडघा दुखतोय जणू, लंगडत आलासा. एरंडाचं पान बांधा."

मंजुरी नाकारली. माझं टाळकंच सरकलं. "आक्का, मला येड्यात काढायचा विडा उचललाय काय तुम्ही?" असं विचारलं, तर नुसत्या हसल्या.

डॉक्टरांनी पुन्हा पत्र दिलं, मी कंपनीत हातापाया पडलो आणि तोच माणूस परत आला. लेक तशीच उशाशी. या खेपेला आक्का उठल्या नाहीत, उठवतच नव्हतं. पण तोंड चालू होतं. "पोरी, पावण्यास्नी कोपऱ्यावरनं खारी आण जा. ताजी बघून आण."

मी कपाळाला हात लावला. इथं माझा जीव टांगणीला आणि ह्या बाईला खारी सुचतेय.

लेक फाटकाबाहेर पडली, तसं आक्कांनी त्या माणसाचं मनगट धरलं. आवाज पार खाली आला.

"दुखतंय, लेकरा. लई दुखतंय. कूस बदलता येत न्हाय. रातभर उशी दातात धरून पडतीया. पोरीला कळलं तर काम सोडून बसंल माझ्यापाशी. आत्ता कुठं नोकरीत कायम झालीया. लिव बिगीबिगी, ती यायच्या आत."

तो लिहीत राहिला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. लेक खारी घेऊन आली, तेव्हा आक्का त्याला एरंडाचं पान कसं शेकायचं ते ठणकावून सांगत होत्या.

मंजुरी आली. सिमेंट भरलं. त्याच आठवड्यात आक्का दारात ताठ उभ्या राहून भाजीवाल्याशी भांडल्या. कंपनी खारीवर विरघळली असं लेकीला वाटलं, आणि तसंच ती सगळ्यांना सांगायची. आक्का मान डोलवायच्या.

गेल्या वर्षी आक्का झोपेतच गेल्या. बसायला आलेल्या बायकांना लेक डोळे पुसत सांगत होती, "आईला कधी कशाचा त्रासच झाला नाही बघा. मणका मोडला तरी एका शब्दानं कण्हली नाही. व्हय की नाही, काका?"

"व्हय," मी म्हणालो.