दोन महिने, एकच क्रियापद

माझ्या मैत्रिणीच्या मामांइतकं सावकाश इंग्रजी शिकवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. अमरावतीत आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात ते रोज संध्याकाळी बायकांचा मोफत वर्ग घेतात. मी त्या वर्गात बसायला लागले तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी एकच क्रियापद शिकवलं : सी, म्हणजे पाहणे. मामा निवृत्त पोस्टमन, पाकिटांवरचे पत्ते वाचत वाचत इंग्रजी शिकलेले. त्यामुळे शब्द योग्य दारात पोचला याची खात्री झाल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नसे. जो वापर शिकवायचा तो आधी करून दाखवायचा, हा त्यांचा कायदा. निरोप द्यायला जाण्याला 'सी ऑफ' म्हणतात, एवढं सांगायला त्यांनी आम्हा अकरा जणींना जवळच्या चांदूर रेल्वे गावाच्या स्टेशनवर नेलं आणि अनोळखी प्रवाशांना हात हलवायला लावले. खिडकीतले एक गृहस्थ गोंधळून म्हणाले, "तुम्ही कोणाकडच्या?" मामा म्हणाले, "तुमच्याकडचेच समजा. पोचल्यावर पानी प्या." 'सी अ डॉक्टर'साठी सगळा वर्ग दवाखान्यात. "पेशंट कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सध्या कोनीच नाही, मॅडम. आमी शिकाले आलो." बाईंनी हसत हसत सगळ्यांचं बीपी मोजलं, आणि शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्या काकूंचं इतकं वाढलेलं निघालं की त्यांच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. 'आय सी' म्हणजे 'कळलं', पण कोणी ते उगाच म्हणालं की मामा खडू खाली ठेवत. "काय कळलं? सांग बरं." मग कळलेलं सांगता सांगता घाम फुटे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबांनी चळवळीत वाटलेली पत्रकं हीच माझी अंकलिपी. इंग्रजी ही आपल्याकडे भाषा नसून फाटकावर बसवलेला पहारेकरी आहे, असं मी तेव्हाही लिहायचे, आजही लिहिते. त्या दिवसांत नाल्याकाठच्या घरांबद्दल एक पत्रक लिहीत होते. त्या पहारेकऱ्याशी भांडायला मला शोषण, दडपशाही असे जड शब्द हवे होते, आणि मामा मला 'पाहणे' देत होते. त्यात शीतलचा प्रश्न होता. शीतल म्हणजे माझी मैत्रीण, मामांची भाची, आमच्याच वर्गातली. तिची आई गेल्यापासून त्यांनीच तिला वाढवलं. नर्सिंग उत्तम गुणांनी पास, पण नागपुरातल्या दोन मुलाखतींत इंग्रजी प्रश्न ऐकताच तिची वाचा बसली होती. तिसरी मुलाखत हुकली, तर अकोल्याला काकांच्या साडीच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं, असं घरी ठरलेलं.

मुलाखत आठ दिवसांवर आली तेव्हा माझा तोल सुटला. "मामा, तिच्या आयुष्याचा सवाल आहे आन् तुमी एकाच शब्दावर बसले. बाकीच्या पोरी पाचशे शब्द पाठ करून राह्यल्या."

"तुह्या त्या नाल्याकाठच्या घराइच्या पत्रकात किती शब्द आहेत?"

"हजारेक."

"आन् त्या घराइत किती वेळा गेली?"

मी तिथे एकदाही गेले नव्हते.

"पाह्यलेलं असलं तं मानूस चार शब्दाइत बी बोलते, बाई."

दुसऱ्या दिवशी मी नाल्याकाठी गेले, आणि परत येऊन पत्रक पहिल्यापासून लिहिलं.

मुलाखतीत शीतलला विचारलं, बोलू न शकणाऱ्या रुग्णाला काय होतंय हे तू कसं ओळखशील? ती पुन्हा अडकली. मग म्हणे तिने शब्द शोधणंच सोडलं आणि शेवटच्या आजारातली आई डोळ्यांपुढे आणली. मी चेहरा पाहते. कूस बदलताना मूठ आवळली जाते का, ते पाहते. पाण्याचा पेला तसाच भरलेला आहे का, पाहते. तोडक्या इंग्रजीत, प्रत्येक वाक्यात 'सी', असं ती पाच मिनिटं बोलली. तिला घेतलं. आधी तीन महिने उमेदवारी, मग कायम.

आता दर रविवारी नागपूरहून तिचा फोन येतो. "मामा, एकदा येऊन माही खोली तं पाहून जा." एका क्रियापदासाठी अकरा बायकांना गावोगाव हिंडवणारा हा माणूस अजून गेलेला नाही. परवा वर्गानंतर सतरंज्या गुंडाळताना मी विचारलं, "काऊन जात नाही, मामा? तीन-चार तासाचा तं रस्ता आहे."

सतरंजीची टोकं जुळवत ते म्हणाले, "तिले तिथं करमू दे आंधी. मी गेलो तं तिले घर आठवन."

मग सतरंजी कोपऱ्यात ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता, "आन् मले वापस येनं जड जाईन."