देवघरातली खोटी पट्टी

मी काय बनवते हे आईला कधीच दाखवता आलं नाही, कारण ते दिसतच नसे. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. तुळिंजच्या आमच्या फ्लॅटमधून मी रोज मुंबईच्या प्रयोगशाळेत जायची आणि भट्टीत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफीनचा थर वाढवायची. पेन्सिलीच्या शिशात थरावर थर असतात ना, त्यातला फक्त एक. तो तांब्यावरून उतरवून काचेवर घ्यायचा आणि त्यावर प्लास्टिकचा सोलर सेल रचायचा. ऊन आत जाऊ देईल आणि वीज बाहेर काढेल, असं इलेक्ट्रोड आम्हाला हवं होतं.

"म्हणजे दिवसभर राबायचं आणि दिसत काहीच नाही?" आई म्हणायची. "घरकामच की गं मग."

वीजही दिसेना. एकामागून एक सेल मेलेले निघाले. शेवटी माझे मार्गदर्शक सर वैतागले. "तांब्यावर थर बसतच नाहीये. महिनाअखेरपर्यंत पुरावा दे, नाहीतर हा विषय सोड." पुरावा देणारं यंत्र दुसऱ्या संस्थेत, आणि तिथे आमचा नंबर पुढच्या महिन्यात! ज्या विषयासाठी घरच्यांशी भांडून नोकरी नाकारली, तोच हातून जाणार म्हणून मला रडू फुटलं. मग राग आला. भट्टीतून काढलेल्या तांब्याची एक पट्टी पर्समध्ये कोंबून घरी आणली आणि ओट्यावर भिरकावली.

"घे, तुझ्या लेकीचं संशोधन!"

आईनं ती उलटसुलट करून पाहिली. तांबं फेकून देणं तिला जमतच नाही. पट्टी देवघरात निरांजनाखाली गेली.

आमच्याकडची दमट, खारी हवा तांब्याची वैरीण. चिंचेनं घासलेलं ताम्हन चार दिवसांत काळवंडतं. आई हवेला शिव्या देत दर गुरुवारी पुन्हा घासते, पण मनातून तिला ते आवडतं असा माझा जुना संशय आहे. त्या गुरुवारी ताम्हन, पळी, तांब्या सगळं काळं आणि माझी पट्टी मात्र लखलखीत. आईला ते सहनच होईना.

"हे तांबं नव्हेच! फसवलं तुला कुणीतरी." खात्री करायला तिनं चिंच आणि काथ्या घेतला आणि एक कोपरा असा खसाखसा घासला की तो चुरगळलाच.

पुढच्या गुरुवारी मी चहा पीत होते, तर तिनं पट्टी माझ्या नाकाखाली धरली. "बघ! घासला तेवढाच कोपरा काळा पडला. वरून मुलामा दिलाय मेल्यांनी!"

चहा माझ्या नाकात गेला. मुलामा! अगं, तो मुलामाच तर मी बनवत होते. दिसत नव्हता, पण हवेला तांब्यापर्यंत पोचू देत नव्हता. आईनं खरवडला तिथेच हवा शिरली होती. मी तिला कडकडून मिठी मारली. तिच्या हाताची चिंच माझ्या ड्रेसभर झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो कोपरा भिंगातून पाहिला. "हे कुणी केलं?"

"आईनं. चिंचेनं."

सर हसले नाहीत. त्यांनी एक कोरा पत्रा आणि माझी दुसरी पट्टी गरम प्लेटवर शेजारी शेजारी ठेवली. कोरा पत्रा बघता बघता काळपटला, माझी पट्टी तशीच राहिली. "थर आहे," सर म्हणाले. "उतरवताना तूच फाडतेस, धांदरट!" इतकी गोड बोलणी मी आयुष्यात खाल्ली नाहीत. विषय माझ्याकडेच राहिला.

घरी येऊन सांगितलं तर आईचा चेहराच पडला. "म्हणजे तू राबून केलेलं मी खरवडून टाकलं?"

"कुणालाच दिसत नव्हतं गं. पहिल्यांदा तुलाच दिसलं."

तिनं पदरानं डोळे पुसले. "दुसरी आण. या वेळी हात नाही लावणार."

आणली. दर गुरुवारी देवघरातलं सगळं घासलं जातं, ती सोडून. आल्यागेल्यापुढे आई ती धरते. "ह्यावर काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"तेच," आई म्हणते, "माझ्या लेकीनं केलंय."