पूररेषा विचारून काढणाऱ्या कांबळे मॅडम

कांबळे मॅडमची आणि माझी पहिली भेट कॉलेजच्या मैदानावर, सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकाला झाली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती आणि मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होते. फील्डबुकात एक आकडा चुकला, म्हणून मी तो खोडरबरानं पुसत होते. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात पुढं केला, रबर घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. "चुकलेला आकडा एका रेघेनं कापायचा. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे," एवढंच म्हणून त्या पुढच्या गटाकडं गेल्या. मला राग आला होता. रबर नवं होतं.

मॅडमची साठी या वर्षी पूर्ण होत आहे. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिणारे बरेच जण त्यांना माझ्यापेक्षा अधिक काळ ओळखतात. कोल्हापुरातल्या एका साध्या बौद्ध कुटुंबातून येऊन त्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापक कशा झाल्या, हे त्या लेखकांनी सांगावं. मी त्यांच्या हाताखाली पाच पावसाळे काम केलं. त्यातलं एकच काम सविस्तर लिहिते, कारण त्यात चूक माझी होती.

त्याआधी त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल थोडं. सर्वेक्षणाला कुठल्याही गावात गेलो, की यंत्र उघडण्याआधी मॅडम एक घर शोधत. पथकातल्या मुलींना स्वच्छतागृह वापरता येईल आणि दुपारी सावलीत बसता येईल असं घर. ते ठरेपर्यंत यंत्राची पेटी जीपमधून उतरत नसे. इतर पथकांत मुली दिवसभर पाणीच पीत नसत, हे मला पुढं नोकरीत कळलं. मॅडमनी या व्यवस्थेचा कधी उल्लेखही केला नाही. आम्हाला वाटे, सर्वेक्षणाची पहिली पायरी हीच असते.

आता ते काम. पंचगंगेच्या काठचं एक गाव दर पावसाळ्यात तुटायचं. मुख्य रस्त्याला जोडणारा रस्ता ओढ्याच्या सखल भागातून जात होता आणि तो पाण्याखाली गेला की आजारी माणसाला न्यायचं कसं, हा प्रश्न असे. गावानं उंच रस्ता मागितला होता आणि आराखड्यासाठी सर्वेक्षण आमच्या कॉलेजकडं आलं. मॅडमनी ते माझ्याकडं सोपवलं. मी तेव्हा नुकतीच त्यांची प्रकल्प सहायक झाले होते.

रस्ता किती उंच हवा हे पुराची पातळी ठरवते. गावच्या देवळाच्या पायरीत एक कोरीव खुणेचा दगड होता. मागच्या मोठ्या पुरात पाणी तिथवर आलं होतं, हे प्रत्येकानं सांगितलं. मी त्या दगडावरून पातळी घेतली, दोनदा तपासली आणि रस्त्याची उंची काढली. नकाशा नेटका झाला होता. रस्त्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या खोलगट जागेत बौद्ध वस्ती होती. तिथं मी गेले नव्हते, कारण तिथं खुणेचा दगड नव्हता.

मॅडमनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "हा भराव झाल्यावर ओढ्याचं पाणी कुठं जाईल?"

मी एक लहान मोरी दाखवली. रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट, एवढाच तिचा अर्थ. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन वस्तीत गेल्या.

तिथं हौसाक्का नावाच्या एक बाई आपल्या दारात भाजी निवडत बसल्या होत्या. मॅडम शेजारी बसल्या आणि देठं मोडू लागल्या. पाणी कुठवर आलं, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "हौसाक्का, पुरात पिठाचा डबा कुठं ठिवलावता?"

"त्या फळीवर की. फळीच्या बुडापतूर पाणी आलं. डब्याला लागलं न्हाय, न्हायतर आठ दिस काय खाल्लं असतं आमी?"

"आणि ह्या उंच रस्त्याचं काय वाटतं?"

"रस्ता पायजेच. माझी सून बाजेवरनं न्हेलीया ह्या चिखलातनं. पर पाणी आधी रस्त्यावरनं जायाचं नदीकडं. आता आमच्या दारात बसंल का काय, एवढं ह्या बाईस्नी इचारा." बाई म्हणजे मी.

मी फळीच्या बुडाची पातळी घेतली. ती देवळातल्या खुणेपेक्षा अडीच फूट खाली आली. मी मॅडमना म्हणाले, लोकांची आठवण चुकू शकते, दगड चुकत नाही. "मग अजून पाच घरं बघ," त्या म्हणाल्या. पाचही घरांतल्या फळ्या, कोनाडे आणि चुली आपसात दोन-चार बोटांच्या फरकानं जुळल्या. चुकला होता तो दगड.

देवळातल्या गुरवांनी ते अगदी सहज सांगितलं. पायऱ्या नव्यानं बांधल्या तेव्हा खुणेचा दगड काढून वरच्या पायरीत बसवला होता. "देवाच्या पायाला पाणी लागल्याची खूण ती. खाली पायदळी कशी ठिवायची?"

म्हणजे माझा रस्ता अडीच फूट जास्त उंच होता. तो तसाच झाला असता, तर गावासाठी रस्ता आणि वस्तीसाठी बांध ठरला असता. उंची कमी केली की भरावाच्या वाचलेल्या खर्चात तीन मोठ्या मोऱ्या बसत होत्या. मी नवा नकाशा काढला आणि जुना टाकून देऊ का, असं विचारलं. मॅडमनी दोन्ही सोबत घ्यायला सांगितले.

ग्रामसभेत पहिली चूक मीच सांगावी, असं त्यांनी ठरवलं. मी सांगितली. मग गावातले एक मोठे ऊसवाले शेतकरी, तात्या, उठले. "पयला रस्ता उंच हुता, आता कमी झाला. मॅडम, तुमी आपल्या माणसांचं बघितलं, व्हय?"

मॅडमचा आवाज चढला नाही. "माझी माणसं हाईतच ती, तात्या. पर माप माझं न्हाय. चला, तुमीच बघा."

यंत्र देवळापुढं लावलं आणि गुरवांनी खुणेच्या दगडावर मापाची पट्टी उभी धरली. आमची जुनी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, दृश्य उलटं दाखवायची. तात्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "ह्यात तर गुरव डोक्यावर उभा हाय."

"गुरव ऱ्हाऊ द्या. पट्टीवरचा आकडा वाचा."

सगळे हसले, तात्याही. त्यांनी आकडा वाचला. मग वस्तीत जाऊन हौसाक्कांच्या फळीशी धरलेल्या पट्टीवरचाही वाचला. त्या घरात ते पहिल्यांदाच गेले असावेत, असं मला वाटलं. वजाबाकी त्यांनी स्वतः केली. ठराव त्याच दिवशी झाला.

रस्ता झाला. दोन हजार पाचच्या पुरात वस्तीतली माणसं त्याच रस्त्यानं वेळेत बाहेर पडली. पण एका मोरीत उसाचं पाचट अडकलं, पाणी तुंबलं आणि चार घरांत दोन दिवस राहिलं. हौसाक्कांची मागची भिंत पडली. लोक मॅडमचे आभार मानत होते. मॅडमनी अहवालात लिहिलं, की मोऱ्या कोण साफ ठेवणार हे आपण आराखड्यात ठरवलं नाही, आणि ही आपली चूक आहे. विकास आणि आपत्ती यांवर मी पुढं पुष्कळ भाषणं ऐकली. त्या दोन ओळींइतकं स्पष्ट कुणी बोललं नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात मोऱ्या साफ होतात. वस्तीतली माणसं खालून पाचट ओढतात. वरून तात्यांचा ट्रॅक्टर ते नेतो. पाचट बहुतेक त्यांच्याच रानातलं असतं, हे हौसाक्का त्यांना दर वर्षी ऐकवतात. मॅडम प्रत्येक मोरीत स्वतः उतरून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहतात.

मी आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यांच्या सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे निचरे आखते. नोकरी लागल्याचं कळवायला फोन केला, तेव्हा मॅडमनी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "तुझ्या कारखान्याचं पाणी पुढं कुणाच्या रानात जातं?" पुढच्या रविवारी मी ते चालत जाऊन पाहून आले.

गेल्या मे महिन्यात मॅडमचा गुडघा दुखत होता, तरी त्या मोरीकडं निघाल्या. तात्यांनी खुर्ची आणून रस्त्यावर ठेवली. हौसाक्का खालून म्हणाल्या, "बसा वर. उजेड दिसतोय, मी बघितलाय."

"किती दिसतोय?"

"निम्मा."

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि खाली उतरल्या. मी हात दिला. तो त्यांनी घेतला, हे पहिल्यांदाच झालं.

गुडघ्यावर इलाज होतो, असं डॉक्टर म्हणतात. मॅडमनी तो या हिवाळ्यात करून घ्यावा, ही माझी त्यांना विनंती आहे. त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. पुढचे पुष्कळ मे महिने त्यांनी त्या मोऱ्यांत उतरावं, आणि आमच्यापैकी कुणी "निम्मा" म्हणालं, तर उरलेलं पाचट काढेपर्यंत आम्हाला वर येऊ देऊ नये.