सातव्या धड्याची राखण

दुर्क्येवर गावातल्या सगळ्यांचा विश्वास होता. अडचण एवढीच, की तिचा कुणावरच नव्हता. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवरसुद्धा तिनं नंबर टाकले होते. एकसष्ट वर्षांत एकही चिमटा चोरीला गेला नाही, याचं श्रेय ती त्या नंबरांना द्यायची.

आमच्या आल्डेस्लाटचा काठीउडी क्लब म्हणजे जेमतेम चौदा माणसं. धावत सुटायचं, कालव्यात उभ्या केलेल्या चार मजली काठीवर झेप घ्यायची, ती पलीकडे कलेपर्यंत सरसर वर चढायचं आणि पलीकडच्या वाळूत उडी टाकायची. पाय घसरू नयेत म्हणून त्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची. क्लबाचा गुरू म्हणजे दुर्क्येचा नवरा, ओने. दरवर्षीच्या सामन्यात ज्येष्ठांच्या गटात हा बिचारा सलग अकरा वर्षं दुसरा येत होता. आणि पहिला कोण? तर शेजारच्या तेरवेर्डचा गोसे, दुर्क्येचा सख्खा धाकटा भाऊ. दर नाताळाच्या जेवणात तो हा विषय काढायचा, तोही ओनेच्या तोंडात घास असताना.

या हिवाळ्यात मात्र ओनेला एक नवी पकड सापडली. काठी कलताना शेवटी डाव्या हातानं काठी वरून नाही, खालून धरायची. चांगली अर्धा मीटर उडी वाढत होती. क्लबानं बारा धड्यांचा ऑनलाइन वर्ग काढला आणि ही पकड सातव्या धड्यात घातली. व्हिडिओ राखायचं काम अर्थातच दुर्क्येकडे आलं.

"एकदा का हा कुणी उतरवून घेतला, की तेरवेर्डला पोचलाच म्हणून समजा," तिनं सभेत सगळ्यांकडे एकेक करून पाहत बजावलं. "आणि मग यंदाही ओने दुसराच."

त्यासाठी तिनं लायब्ररीत संगणक शिकवणाऱ्या बाईचं तीन आठवडे डोकं खाल्लं. शेवटी व्हिडिओ क्लबाच्या पानाबाहेर हलेनासा झाला. माउसचं उजवं बटण दाबून काही होईना. शिवाय बघणाऱ्याचं नाव ठसठशीत अक्षरांत चित्रावरून फिरू लागलं, म्हणजे चोरी झालीच तर चोर नावानिशी सापडावा. अक्षरं जरा लहान चालतील, असं त्या बाईनं सुचवून पाहिलं. "लाज वाटायची तर नाव मोठंच हवं," दुर्क्ये म्हणाली.

सामन्याच्या आदल्या रविवारी तिचा वाढदिवस होता. रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या, येणाऱ्यानं सगळ्यांशी हात मिळवले, ओनेलाही बायकोच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळाल्या, कॉफी आणि केकचा एकेक तुकडा झाला. तेवढ्यात गोसेनं खडा टाकला.

"काय गं, व्हिडिओला म्हणे कुलूप लावलंयस? दोन मिनिटांत उघडतो मी."

"तू? तुला टीव्हीचा रिमोट कळत नाही!"

"मग दाखव की."

दुर्क्ये पेटली. तिनं टीव्हीवर स्वतःच्या नावानं सातवा धडा लावला, माउस हातात घेतला आणि सगळ्या गोलाला ऐकवू लागली, "हे बघा, उजवं बटण दाबलं. काही झालं? नाही! आता इथं दाबते. काही झालं?" तिची पाठ गोलाकडे होती. गोसेनं मांडीवरच्या बशीला फोन टेकवला आणि केक खात अख्खा धडा टिपून घेतला.

मंगळवारी तेरवेर्डमध्ये फिरणारा तो व्हिडिओ ओनेच्या फोनवर आला. चित्रावरून चोराचं नाव डौलात फिरत होतं: दुर्क्ये होखेबोम-फान देर व्हील.

हिवाळ्यापासून दुर्क्येनं चौदा माणसांवर डोळा ठेवला आणि भोक पडलं ते तिच्याच बैठकीच्या खोलीत. तिला खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्याच राजीनामा देते," ती म्हणाली.

ओने मात्र फोन डोळ्यांशी धरून बघत होता. मग तो खुर्चीतून पडायच्या बेतापर्यंत हसला. "अगं, तुझं नाव बघ! या टोकापासून त्या टोकापर्यंत! पकडीच्या वेळी माझे दोन्ही हात त्याच्याखाली गेलेत. त्यांना काही म्हणजे काही दिसलेलं नाही!"

क्लबातल्या इतरांची नावं इड्स, योप असली आखूड, त्यामुळे कुणाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. राजीनामा बारगळला.

शनिवारी कालव्याकाठी सगळा मुलूख लोटला. प्रत्येकाला तीन उड्या, त्यांतली चांगली तेवढी धरायची. ओनेनं पंधरा मीटर चाळीस मारली, जन्मातली सगळ्यांत लांब. गोसे धावला, चढला, नावाखाली काय असेल याचा अंदाज बांधून त्यानं भलतीच पकड घेतली, आणि धप्पकन पाण्यात. आल्डेस्लाटकर नाचले. दुर्क्ये सगळ्यांत जास्त नाचली.

दुसऱ्या उडीतही तेच. या वेळी गोसे वर आला तो खोकत, ओठ निळे, एका पायाची ट्यूब सुटून लोंबत होती. दुर्क्येला हसू येईना.

तिसऱ्या उडीला काठी कलू लागली. गोसेचा डावा हात हवेतच चाचपडला.

"खालून!" काठावरून किंकाळी आली. "गोसे, खालून धर! डावा हात खालून!"

त्यानं खालून धरलं. पंधरा मीटर सेहेचाळीस.

ओने हळूहळू बायकोकडे वळला.

"एवढे महिने राखलास ना गं तो धडा?"

"तो बुडत होता रे!" दुर्क्येच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"कमरेएवढं पाणी आहे तिथं, दुर्क्ये."

"माझा भाऊ आहे तो," ती नाक पुसत म्हणाली. "मला खोलच दिसलं."